पदवीप्रदान समारंभाला जायचंय, तर तयारी कुठून सुरू करावी?

प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे. ती बी.एस्सी. झाली, निकाल लागून चार महिने झाले आणि आता दुसऱ्या शहरात एम.एस्सी. करते आहे. घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभाचे अर्ज सुरू झालेत. प्रत्यक्ष जावं की पदवी पोस्टाने मागवावी, आई-बाबांना आणता येईल का, स्टेजवर नाव पुकारतात का, कपडे काय घालायचे आणि आत्तापासून काय करून ठेवावं, असं ती विचारते आहे.

जा, आणि आई-बाबांना घेऊनच जा. एवढं आधी सांगते, कारण बाकीचं उत्तर लांब आहे.

मी एका संलग्न महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात काम करते. पदवीचे अर्ज तपासून पुढे पाठवणं, चुका दुरुस्त करून घेणं, समारंभाच्या दिवशी मुलांना जागेवर बसवणं आणि नंतर खिडकीवर पदव्या वाटणं, ही सगळी कामं माझ्याकडे असतात. मुलं येतात ती बहुतेक कपड्यांचे प्रश्न घेऊन. माझं म्हणणं असं की कपडे आठवडाभर आधी ठरले तरी चालतात. अर्जातलं तुझं नाव मात्र आजच बघायला हवं. समारंभ दोन-तीन तासांत संपतो. त्या दिवशी मिळणारा कागद नोकरी, पुढचे प्रवेश, परदेशातलं शिक्षण अशा सगळ्या ठिकाणी दाखवावा लागतो, आणि त्यावर चुकलेलं एक अक्षर निस्तरायला कित्येक महिने जातात.

आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांच्या पदवी प्रमाणपत्रावर नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत असं दोन्हींत छापतात. रोमन लिपीतलं नाव मार्कशीटवरून येतं, त्यामुळे ते सहसा बरोबर असतं. घोळ होतो देवनागरीत. बऱ्याच पोर्टलवर नाव इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की मराठी नाव आपोआप तयार होतं. रोमन लिपीत ल-ळ, न-ण, त-ट, द-ड यांना एकच अक्षर. मग काळे यांचे काले होतात, मुळे यांचे मुले, राणे यांचे राने, डांगे यांचे दांगे, साळवे यांचे सालवे. पाटीलमधला 'टी' ऱ्हस्व होतो. ज्ञानेश्वरचा द्न्यानेश्वर झालेला अर्जही माझ्या टेबलावर आलेला आहे, आणि त्या मुलाने तो 'तपासून' सबमिट केला होता. स्क्रीनवर नजर फिरवली की आपलं नाव आपल्याला बरोबरच दिसतं, कारण आपण ते वाचत नाही, ओळखतो. म्हणून अर्जाची प्रिंट काढ आणि दुसऱ्या कुणाला तरी अक्षर-अक्षर मोठ्याने वाचायला सांग. तुझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर देवनागरीतलं नाव असेल, ते शेजारी ठेव. बाबांचं नावही असंच तपास, त्यांच्या एखाद्या जुन्या कागदावरून. आईच्या नावाचा रकाना असतो, तिथे फक्त तिचं पहिलं नाव हवं असतं. मुलं पूर्ण नाव लिहितात आणि मग ते अर्धवट तुटून छापलं जातं.

नावाचा क्रमही बघ. आधार कार्डावर आधी आपलं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असतं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच मार्कशीटवर आडनाव आधी येतं. दोन्ही चालतं, पण दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या कागदांवर स्पेलिंग एकच हवं. मधल्या काळात लग्न झालेल्या मुलींना मी नेहमी सांगते की पदवीवर ते नाव येणार ज्या नावाने तुम्ही परीक्षा दिलीत. अर्जात परस्पर सासरचं नाव लिहिलं, तर मार्कशीटशी जुळत नाही म्हणून अर्ज अडकतो. नाव बदलायचंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून, त्याची प्रत देऊन, आधी विद्यापीठाच्या नोंदीत बदल करून घ्यावा लागतो. ही वेगळी प्रक्रिया आहे आणि पदवीच्या अर्जाच्या मुदतीत ती उरकत नाही.

चूक अर्जात सापडली तर एका विनंती अर्जावर काम होतं. तीच चूक छापलेल्या पदवीवर सापडली, तर मूळ प्रमाणपत्र परत करायचं, पुरावे जोडायचे, शुल्क भरायचं, काही ठिकाणी प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि नवा कागद छापून येईपर्यंत थांबायचं. तोवर हातात काहीच नसतं. म्हणून नावाबद्दल एवढं बोलले.

अर्जात दुसरी चुकणारी जागा म्हणजे परीक्षेचं सत्र. तुझा निकाल एकाच दमात लागला असेल तर प्रश्न नाही. पण ज्यांना एटीकेटी होती, म्हणजे एखादा विषय राहूनही पुढच्या वर्गात जाता आलं होतं, त्यांनी हे वाचावं. समजा सहावं सेमिस्टर एप्रिल-मेमध्ये सुटलं आणि तिसऱ्या सेमिस्टरचा राहिलेला एक विषय पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेत सुटला. तुमचं पदवीचं सत्र तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर, कारण सगळे विषय त्या वेळी पूर्ण झाले. मुलं सहाव्या सेमिस्टरची मार्कशीट जोडून एप्रिल-मे लिहितात, आणि अर्ज नामंजूर होऊन परत येतो. शेवटचा विषय ज्या परीक्षेत सुटला ती मार्कशीट जोडायची, तोच सीट नंबर लिहायचा. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक, मात्र पहिल्या वर्षापासून तोच राहतो.

आता तीन कागदांमधला फरक, कारण त्यावरून खिडकीवर रोज वाद होतात. मार्कशीट म्हणजे गुणांचा कागद. निकालानंतर मिळतं ते तात्पुरतं किंवा उत्तीर्ण प्रमाणपत्र, आणि पुढच्या प्रवेशाला तेवढ्यावर भागतं, तुझा एम.एस्सी.चा प्रवेशही त्यावरच झाला असणार. पदवी प्रमाणपत्र हा तिसरा कागद आणि तो समारंभात पदवी प्रदान झाल्यावरच मिळतो. पहिले दोन हातात असले की मुलं तिसऱ्यासाठी अर्जच करत नाहीत. पाच-सहा वर्षांनी सरकारी नोकरीत कागदपत्रांच्या पडताळणीला बोलावणं येतं आणि मग धावाधाव सुरू होते. विद्यार्थी पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत पदवी द्यावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगाची २००८ ची नियमावली सांगते. पण आपण अर्जच केला नाही तर विद्यापीठ पदवी घरी आणून देत नाही. मुदत चुकली तर विलंब शुल्काची मुदत असते, तीही चुकली तर पुढचा समारंभ.

अर्ज भरताना अपार किंवा एबीसी आयडी, म्हणजे तुझ्या शैक्षणिक नोंदींचा ऑनलाइन क्रमांक, मागतील. तो मार्कशीटशी जोडलेला आहे ना, डिजिलॉकरमध्ये तुझ्या सेमिस्टरचे गुण दिसतात ना, हे आत्ताच उघडून बघ. डिजिलॉकरमधून मिळालेला दस्तऐवज २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो, आणि विद्यापीठाने पदवी अपलोड केली की तिथेही मिळते. पण आधारवरचं नाव आणि विद्यापीठाच्या नोंदीतलं नाव जुळत नसेल तर कागद खात्यात येतच नाही. शुल्क भरल्याची पावती पीडीएफमध्ये ठेव आणि एक कागदावरही. पैसे कापले गेले पण अर्ज 'पेंडिंग' दिसतो, अशी तक्रार दरवर्षी येते, आणि व्यवहार क्रमांक असेल तर ती लगेच सुटते.

अर्जात एक रकाना असतो, पदवी प्रत्यक्ष घेणार की पोस्टाने. इथे तुझा स्टेजचा प्रश्न येतो. समारंभात काय होतं ते आधी कळलं पाहिजे, नाहीतर आई-बाबा भलत्या अपेक्षेने येतील आणि हिरमुसतील.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले बी.ए. बाहेर पडले, तेव्हा ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांतलेच. तेवढ्या मुलांना एकेकाला पुढे बोलावणं सोपं होतं. फोर्टमधला तो देखणा दीक्षान्त सभागृह सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभा राहून १८७४ मध्ये पूर्ण झाला, पण आजच्या एका वर्षाच्या पदवीधरांना तो कुठला पुरणार! आता मोठ्या विद्यापीठाच्या मुख्य समारंभात व्यासपीठावर साधारणपणे पीएच.डी. आणि पदकविजेतेच जातात. बाकीच्यांना पदवी सामूहिक मिळते. प्रत्येक विद्याशाखेचे अधिष्ठाता (डीन) उभे राहून आपल्या स्नातकांना सादर करतात, आपण सगळे आपल्या जागी उभे राहतो आणि अध्यक्ष पदवी प्रदान झाल्याचं जाहीर करतात. राज्याच्या विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. ते आले तर अध्यक्षस्थानी तेच, नाहीतर कुलगुरू. त्या क्षणी तू पदवीधर झालीस. पदवीचा कागद त्याच दिवशी खिडकीवर किंवा मागाहून महाविद्यालयातून मिळतो.

याशिवाय अनेक महाविद्यालयं आता स्वतःचा पदवीप्रदान समारंभ घेतात. तिथे नाव पुकारतात, प्राचार्यांच्या किंवा पाहुण्यांच्या हातून पदवी मिळते, फोटो निघतो. आई-बाबांना तुला व्यासपीठावर बघायचं असेल तर हा समारंभ जास्त समाधानाचा, असं मी मनापासून सांगते. विद्यापीठाच्या समारंभाचा थाट वेगळा, पण तिथे तुझं नाव ऐकू येणार नाही. त्यामुळे पहिला फोन कॉलेजच्या कार्यालयात कर आणि विचार: यंदा कॉलेजात समारंभ आहे का, त्यासाठी वेगळं नाव नोंदवायचं का, आणि पालकांना प्रवेश आहे का.

तारखेबद्दल सावध राहा. प्रमुख पाहुणे आणि राज्यपाल यांच्या वेळा जुळवून तारीख ठरते, त्यामुळे ती कधी कधी आठ-दहा दिवस आधी कळते आणि बदलतेही. अर्ज भरल्या भरल्या रेल्वेचं तिकीट काढू नकोस. सध्याच्या विभागात मात्र आत्ताच सांगून ठेव की त्या सुमारास एक-दोन दिवस रजा लागेल. प्रॅक्टिकल असेल तर सर-मॅडम बदलून देतात. समारंभाला कोण येणार याची यादी आणि प्रवेशपत्र विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येतं. ते मोबाइलवर दाखवून भागेल असं धरू नकोस. प्रिंट काढ आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेव.

कपड्यांचं आता. काळा गाऊन आणि चौकोनी टोपी बऱ्याच ठिकाणी गेली. कुर्ता-पायजमा, साडी किंवा सलवार-कमीज आणि वर विद्यापीठाचं उपरणं, असा वेश आता रुळतोय. समारंभाचे पोशाख हातमागाच्या कापडाचे असावेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये विद्यापीठांना कळवलं होतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा सोडून त्या त्या राज्याच्या परंपरेला धरून वेश ठरवायला सांगितलं. मला हा बदल आवडतो. आपल्याकडच्या उन्हात आणि भरलेल्या मांडवात तो जाड झगा मुलांना नकोसा व्हायचा, आणि उपरणं घरी नेता आलं तर ते आठवण म्हणून राहतं. तुमच्या विद्यापीठात नेमकं काय आहे ते परिपत्रकात असतं, रंगासकट. परिपत्रकात पांढरा म्हटलं असेल तर फिकट पिवळा घालू नकोस. रांगेत ते लगेच दिसतं आणि मग मुलगी सगळा वेळ अवघडून बसते.

साडी नेसणार असशील तर तीच साडी, त्याच चपला घालून एकदा जिना चढून-उतरून बघ. तात्पुरत्या व्यासपीठाच्या पायऱ्या लाकडी आणि अरुंद असतात, वर गालिचा घातलेला असतो, त्यात टाच अडकते. उपरणं खांद्यावरून घसरतं, म्हणून दोन सेफ्टी पिना जास्तीच्या ठेव, शेजारणीलाही लागतात. नवे बूट, नवी सँडल त्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. सुती कापड घ्यावं. तीन तास बसायचं आहे.

राज्यपाल किंवा मंत्री येणार असतील तर पोलिसांचा बंदोबस्त असतो. बॅग, पाण्याची बाटली, कधी कधी काळा रुमाल किंवा काळी ओढणीसुद्धा बाहेर ठेवायला लावतात. बॅग ठेवायची सोय असेलच असं नाही. म्हणून अंगावर मोबाइल, ओळखपत्र, प्रवेशपत्र, थोडे पैसे आणि पेन, एवढंच. पेन नक्की ने. नोंदवहीत सही करायला पेन मागत फिरणारी मुलं खिडकीवर रांग अडवतात.

सकाळी अकराचा समारंभ असेल तर पत्रिकेत नऊ किंवा साडेनऊला जागेवर बसायला सांगितलेलं असतं, आणि ते खरंच पाळतात. पाहुणे आवारात आले की दारं बंद होतात. मग मिरवणूक येते. पुढे विद्यापीठाचा मानदंड, म्हणजे मानाची काठी, घेतलेले अधिकारी, मागे विद्वत परिषद, व्यवस्थापन परिषदेचे सदस्य, अधिष्ठाता, कुलगुरू आणि शेवटी प्रमुख पाहुणे. ती आत येताना सगळ्यांनी उभं राहायचं, आणि समारंभ संपल्यावर ती बाहेर पडेपर्यंतही उभंच राहायचं. राष्ट्रगीत, राज्यगीत, विद्यापीठ गीत, मग अहवाल, पदवी प्रदान, पदकं आणि दीक्षान्त भाषण असा क्रम थोड्याफार फरकाने सगळीकडे असतो. अनेक ठिकाणी तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतला उपदेश वाचतात, ज्यात गुरू शिकून निघालेल्या शिष्याला सांगतो की खरं बोल, धर्माने वाग, अध्ययनात कुचराई करू नकोस. तो ऐकताना मांडव खरोखर शांत होतो. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात दीक्षान्त समारंभाच्या निमित्ताने ग्रंथदिंडी निघते, पालखीत ग्रंथ ठेवून. तिथल्या मुलांनी दिंडी चुकवू नये.

तुला व्यासपीठावर जायचं असेल, म्हणजे कॉलेजच्या समारंभात, तर आदल्या दिवशीची तालीम चुकवू नकोस. रांगेतला क्रमांक हा तिथला जीव आहे. निवेदक यादीवरून नावं वाचतात, आणि एक जण जरी पुढेमागे झाला तरी पुढच्या सगळ्यांना दुसऱ्याच्याच नावाचा पुकारा ऐकावा लागतो. तुझ्या नावाचा उच्चार अवघड असेल तर निवेदकांना तालमीतच सांग, ते यादीवर पेनाने लिहून घेतात. वर गेल्यावर आधी नमस्कार, मग दोन्ही हातांनी पदवी घ्यायची, छायाचित्रकाराकडे क्षणभर बघायचं आणि रांग थांबू न देता पुढे निघायचं. पाया पडावंसं वाटणं साहजिक आहे, पण तिथे तालमीत जसं सांगतील तसंच कर, कारण मागे रांग असते. काही ठिकाणी व्यासपीठावर दिलेली फाइल रिकामी असते, आणि खरं प्रमाणपत्र नंतर खिडकीवर मिळतं. हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही.

आता आई-बाबा.

बहुतेक ठिकाणी एका विद्यार्थ्यामागे एक किंवा दोन पालकांना पास मिळतो, आणि तो अर्जातच मागावा लागतो. काही ठिकाणी पालकांना मुख्य सभागृहाऐवजी शेजारच्या मांडवात पडद्यासमोर बसवतात. हे घरी आधीच सांग. 'आम्ही कशाला, आम्हाला त्यातलं काय कळतं' असं आई म्हणेल. तुझ्या घरात तू पहिली म्हणतेस, म्हणून हे मी नक्की सांगू शकते, दरवर्षी ऐकते. रोजगार बुडतो, गुरांना कोण बघणार, प्रवासाचा खर्च, हीही कारणं खरीच असतात. तरी शक्य असेल तर आग्रह कर. दोघांना जमत नसेल तर एकाला आण. मांडवाच्या मागच्या ओळीत बसलेल्या बायका, मुलं एकदम उभी राहिली की आपली कुठे दिसते का म्हणून माना उंचावून बघतात, कुणी शेजारणीला बोट दाखवून सांगते. समोर काय वाचलं जातंय ते त्यांना समजावून सांगायची गरज पडत नाही.

त्यांच्यासाठी तयारी वेगळी करावी लागते. पालकांना मुलांपासून वेगळं बसवतात, म्हणून समारंभानंतर भेटायची जागा आधीच दाखवून ठेव: अमुक झाड, तमुक इमारतीची पायरी. गर्दीत नेटवर्क जातं आणि फोन लागत नाही. तुझा नंबर आणि एका मैत्रिणीचा नंबर कागदावर लिहून बाबांच्या खिशात ठेव. मधुमेह असेल तर सकाळी खाऊन आणि गोळ्या घेऊनच निघा, कारण एकदा आत बसल्यावर दोन-अडीच तास काही मिळत नाही. लांबून येत असतील तर रात्रीच्या एसटीने पहाटे पोचण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी या. वसतिगृहात किंवा मैत्रिणीच्या खोलीवर आईची सोय होते, बाबांचं आधी बघ.

आणि समारंभ संपला की लगेच स्टँडकडे पळू नका. त्यांना तुझी प्रयोगशाळा दाखव, ग्रंथालयात तू बसायचीस ती जागा, मेस, हॉस्टेलची खिडकी. ज्या मॅडमनी तुला शिकवलं त्यांच्याशी भेट घडव. तीन वर्षं ज्या ठिकाणी मनिऑर्डरसारखे पैसे पाठवले, ते ठिकाण अनेक आई-वडिलांनी कधी पाहिलेलंच नसतं. आमच्या कॉलेजात शिक्षक त्या दिवशी मुद्दाम विभागात थांबतात, कारण त्यांनाही पालकांना भेटायचं असतं. फोटो या सगळ्यात निघतातच. फक्त पदवीचा जवळून काढलेला फोटो सोशल मीडियावर टाकू नकोस. त्यावर पीआरएन, क्रमांक, क्यूआर कोड सगळं स्पष्ट वाचता येतं आणि त्याचा गैरवापर होतो. बाकीचं झाकून नाव तेवढं दिसेल असा, किंवा फाइल मिटलेली असतानाचा फोटो टाक.

खिडकीवर पदवी हातात आली की सही करण्याआधी वाच. दोन्ही लिप्यांतलं नाव, पदवीचं आणि विषयाचं नाव, श्रेणी, परीक्षेचं महिना-वर्ष, खाली कुलगुरूंची सही आणि शिक्का. चूक असेल तर तिथेच सांग, आणि कागद घेऊन जाण्याऐवजी अर्ज देऊन पोच घे. घरी गेल्यावर सापडलेली चूकही दुरुस्त होते, पण खेटे वाढतात.

पदवी लॅमिनेट करू नकोस. हे मी मोठ्या अक्षरांत लिहून खिडकीबाहेर लावते, तरी आठवड्याभरात कुणीतरी लॅमिनेट केलेली पदवी घेऊन येतंच. उद्या परदेशी जायचं झालं तर मूळ पदवीवर राज्याच्या शिक्षण विभागाकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, करून घ्यावं लागतं. भारत २००५ पासून त्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. तो शिक्का कागदावर बसतो, प्लास्टिकवर नाही. शिवाय प्लास्टिक काढायला गेलं की छपाई त्याच्याबरोबर निघते. भिंतीवर लावायची असेल तर रंगीत प्रत फ्रेम करा. मूळ कागद घडी न घालता कडक फाइलमध्ये ठेव, दोन्ही बाजू नीट स्कॅन करून एक प्रत स्वतःला ईमेल कर. हरवली तर दुसरी प्रत मिळते, पण त्यासाठी पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र, शुल्क आणि दुय्यम प्रत असा शिक्का, हे सगळं मागे लागतं.

येणं जमलंच नाही, तर पोस्टाने मागव. अनुपस्थितीत घेतलेल्या पदवीची किंमत कणभरही कमी नसते, आणि परीक्षा, नोकरी किंवा घरातल्या आजारपणामुळे न आलेल्या मुलांनी मनाला लावून घेऊ नये. पत्ता मात्र असा दे जिथे दिवसा कुणीतरी असतं. हॉस्टेलचा पत्ता नको. सुट्टी लागली की पाकीट परत येतं. गावचा पत्ता देणार असशील तर पिन कोड, तालुका आणि चालू मोबाइल नंबर नीट लिही, आणि पोस्टमनला बाबांनी सांगून ठेवावं. कॉलेजातून कुणाला तरी घ्यायला पाठवायचं असेल तर सहीचं अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती लागतात. बहीण आली, चेहरा सारखा आहे, म्हणून पदवी देता येत नाही.

एक गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. पदवी मिळाल्यावर विद्यापीठाकडे नोंदणीकृत पदवीधर म्हणून नाव नोंदवता येतं. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार हे पदवीधर विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) आपले १० प्रतिनिधी निवडून देतात. शुल्क, परीक्षा, वसतिगृहं यांवर प्रश्न विचारण्याची ती जागा आहे. राज्याच्या विधान परिषदेतही ७८ पैकी ७ जागा पदवीधर मतदारसंघांच्या आहेत. तिथे मतदार होण्यासाठी पदवी मिळून किमान ३ वर्षं व्हावी लागतात, आणि दर निवडणुकीआधी यादी नव्याने करतात, त्यामुळे आपोआप नाव येत नाही. मतदार नोंदणीचा अर्ज, नमुना १८, भरून, पदवीची साक्षांकित प्रत जोडून द्यायचा. तुला ३ वर्षं पूर्ण होतील तेव्हा तू कुठे राहत असशील त्या भागातल्या मतदारसंघात तो अर्ज द्यायचा.